उदार कुणाला म्हणायचं? एका मानपत्रावरून पडलेला प्रश्न

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळला की नाही ते तुम्हालाही दिसेल. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तुमच्या गावी यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मंडळातर्फे निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा सत्कार आहे. मानपत्र लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. तुम्ही लिहिलंत, ‘उदार मनाच्या बाई’. अध्यक्षांनी तिथे पेन्सिलीनं फुली मारली. उदार म्हणजे पैसे देणारा, बाईंनी देवळाला किंवा शाळेला देणगी दिल्याचं कुणाला आठवत नाही, तेव्हा ‘दयाळू’ लिहा असं त्यांचं म्हणणं. तुमची आई म्हणते ‘कनवाळू’. भाचा म्हणतो ‘दिलदार’ लिही, भारी वाटतं. तुम्ही कोश काढलात, तर ‘उदार’पुढे पहिलाच अर्थ ‘दाता, दानशील’ असा निघाला आणि अध्यक्षांचंच खरं असावं असं तुम्हाला वाटू लागलं. बाईंचं काम सांगताना तुम्ही लिहिलंय, ‘पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की पलीकडच्या वाड्यावरच्या पोरांना त्या आपल्या घरी ठेवून घ्यायच्या, कधी कधी दोन-तीन दिवस.’

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मी पणजीत एका मराठी दैनिकात अठ्ठावीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. त्या जोडीनं लोकांची मानपत्रं लिहून दिली, दुसऱ्यांनी लिहिलेली तपासून दिली. आपल्याकडे घरात कोंकणी बोलणारी माणसंसुद्धा मानपत्र, लग्नपत्रिका, देवळाची सूचना मराठीतच लिहितात, त्यामुळे या कामाला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही. त्या अनुभवावर जे कळलं ते सांगते. मी भाषाशास्त्राची प्राध्यापक नव्हे.

अध्यक्ष चुकलेले नाहीत, तुम्हीही नाही. देण्याघेण्याचे आपले जे शब्द आहेत ते एका दमात दोन गोष्टी सांगतात. देणाऱ्याच्या हातून काय सुटलं, ही एक. घेणारा त्यानंतर कुठे उभा राहिला, ही दुसरी. कोशात पहिली सापडते, दुसरी बहुधा सापडत नाही. मानपत्र मात्र माइकवरून वाचतात आणि घेणारे समोर खुर्च्यांवर बसलेले असतात. त्यामुळे थोडं परिस्थितीवरही अवलंबून आहे: त्या वाड्यावरची माणसं कार्यक्रमाला येणार आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. येणार असतील, आणि सत्तरीतल्या गावात ती येणारच असं मी धरते, तर ‘दयाळू’ला माझा विरोध आहे. का, ते सांगते. पण आधी ‘उदार’.

हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. त्यातला ‘उद्’ म्हणजे वर. उदय, उन्नत, उत्तुंग यांत असतो तोच. शब्दाच्या मुळाशी उंची आहे, थोरपण आहे. देणं त्यातून निघालं. अमरकोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसलेत: ‘उदारो दातृमहतोः’. म्हणजे उदार हा शब्द दात्यालाही लागतो आणि महानालाही. अध्यक्षांनी ‘दातृ’ उचलला, तुम्ही ‘महत्’. भांडण एवढंच.

अध्यक्ष गीता वाचणारे असतील तर त्यांना सातवा अध्याय दाखवा. तिथे चार प्रकारचे भक्त सांगितलेत. एक संकटात सापडलेला, एक जाणून घ्यायला आलेला, एक धनासाठी आलेला, एक ज्ञानी. आणि पुढे अठराव्या श्लोकात म्हटलंय, ‘उदाराः सर्व एवैते’, हे सगळेच उदार. त्यांतला एक तर चक्क काहीतरी मागायला आलाय! मागणाऱ्यालाही उदार म्हणता येतं, तर चेक न फाडलेल्या बाईंना का म्हणता येणार नाही?

दुसरा दाखला सगळ्यांना पाठ आहे, पण अर्धाच. २०२३ मध्ये जी-२० च्या काही बैठका आपल्याकडे गोव्यात झाल्या तेव्हा ‘वसुधैव कुटुंबकम्’ जिकडेतिकडे फलकांवर झळकलं. त्याच्या आधीचा तुकडा फलकावर मावत नाही, म्हणून गळतो. ‘अयं निजः परो वेति गणना लघुचेतसाम्, उदारचरितानां तु वसुधैव कुटुम्बकम्.’ हा आपला, हा परका अशी मोजणी कोत्या मनाची माणसं करतात. उदार चरिताच्या माणसांना सगळी पृथ्वीच कुटुंब. इथे उदाराच्या विरुद्ध कोण उभा केलाय ते पाहा. कंजूष नव्हे, लघुचेतस्. कोता. हा माझा, तो ओढ्यापलीकडचा, असं मोजणारा. तुमच्या बाईंच्या कामावर हा श्लोक इतका चपखल बसतो की मला तुमचा प्रश्न वाचताना तोच आधी आठवला.

मराठीनं या शब्दाला स्वतःची वळणंही दिली. ‘जिवावर उदार होणं’ घ्या. तिथे कुणी कुणाला काही देत नाही. जी गोष्ट माणूस सर्वांत घट्ट धरतो तिच्यावरची मूठ सैल सोडली, एवढाच अर्थ. १९९१ नंतर आपण ‘उदारीकरण’ म्हणू लागलो, खाउजातला, म्हणजे खासगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरणातला, मधला ‘उ’ तोच. सरकारनं तेव्हा काही वाटलं नाही, बंधनं सैल केली. ‘उदारमतवादी’ माणूस मतांचं वाटप करत फिरत नाही, दुसऱ्याच्या मताला जागा देतो. जागा देणं, सैल सोडणं, मोजदाद न ठेवणं. पैसा हा त्यातला एक प्रकार झाला.

एका सापळ्याबद्दल मात्र सावध करते. ‘उदार असणं’ आणि ‘उदार होणं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘असणं’ स्वभाव सांगतं. ‘होणं’ म्हणजे नेहमी नसणारी गोष्ट आज घडली, आणि मराठी माणूस लगेच भुवया उंचावतो. ‘आज स्वारी फारच उदार झालीय!’ हे आपण कौतुकानं म्हणत नाही. वर्तमानपत्रात ‘ठेकेदारांवर सरकार उदार’ असा मथळा आला की बातमी न वाचताही कळतं, कुठेतरी पाणी मुरतंय. तेव्हा मानपत्रात ‘विद्यार्थ्यांवर उदार झाल्या’ असं काही चुकूनही लिहू नका. ‘उदार’ला ‘वर’ जोडला की एक तर जीव जातो, नाही तर पैसा.

आता ‘दयाळू’. शब्द वाईट नाही, देवाला आपण रोज म्हणतो. पण दया करायला समोर कुणीतरी दीन लागतो. फाशीची शिक्षा झालेल्याचा राष्ट्रपतींकडे जातो तो दयेचा अर्ज. असह्य वेदनेतून सोडवायचं ते दयामरण. ‘कुणाच्या दयेवर जगणं’ यात तर जगणाऱ्याची मान खालीच असते. तुकोबांनी साधूचं लक्षण सांगताना ‘दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी’ म्हटलंय, तिथे त्यांनी दासाला मुलाच्या पंक्तीला नेऊन बसवलं. पण रोजच्या बोलण्यात आपण स्वतःच्या मुलावर दया करतो असं म्हणतो का? मुलाला जेवू घातलं, अंथरूण घालून दिलं, शाळेत सोडलं, असं म्हणतो. दया परक्यावर करायची असते, आणि तोही खाली असेल तर.

आता मंडपात बसलेल्या एखाद्याची कल्पना करा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तो बाईंच्या ओसरीवर झोपला होता. आज समजा कदंबच्या बसवर ड्रायव्हर आहे, बायको-मुलांना घेऊन कार्यक्रमाला आलाय. माइकवरून ऐकू येतं, ‘दयाळू बाईंनी ओढ्यापलीकडच्या गरीब मुलांना आसरा दिला.’ बाईंचं कौतुक झालं, पण त्याच्या मुलांसमोर तो अनाथ झाला. बाईंनी त्याला तेव्हा तसं वाटू दिलं नसणार. मग आपण आज का वाटू द्यायचं?

इथे एक आपल्याकडचीच गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत ‘काकुळतीला येणं’ म्हणजे गयावया करणं, अगदी हातापाया पडून मागणं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेला जा, तिथे सायबीणीला, म्हणजे मेरीमातेला, ‘काकळुटीची माय’ म्हणतात. कोंकणीतली काकळूट म्हणजे करुणा, दया. शब्द एकच, नुसता उंबरठा ओलांडला. कोंकणीत तो देणाऱ्याच्या मनात राहतो, मराठीत मागणाऱ्याच्या तोंडी. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर साळगावची एक बाई होती. तिनं एकदा एका बातमीवरून मला विचारलं, ‘हो मनीस काकुळतीक आयलो म्हण बरयलां, म्हणजे ताणें काकळूट केली न्ही?’ म्हणजे, त्यानं दया केली ना? मी हसले, मग हसू थांबलं. दयेच्या शब्दाचं हे असंच असतं: देणारा आणि मागणारा एकाच दोरीच्या दोन टोकांना, आणि दोरी कधीच सपाट नसते.

आपण बोलताना तर याहून चांगलं करतो. ‘देव बरें करूं’ म्हणतो. आभार मानले, पण देणाऱ्याला वर चढवलं नाही आणि स्वतः खाली बसलो नाही. हिशेब परस्पर देवाच्या खात्यावर टाकला. याच्या उलट मराठीतला ‘उपकार’. कागदावर किती छान दिसतो, पण जिभेवर आला की ‘उपकाराचं ओझं’, ‘उपकार फेडणं’, ‘मोठे उपकार केलेस हो!’ मानपत्रातून ‘अनंत उपकार’ हे दोन शब्द मी नेहमी काढून टाकते. लोक कुरकुरतात, मग विसरतात.

हे सगळं मी कोश वाचून शिकले नाही. एका फजितीतून शिकले. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या तेव्हा डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. ट्रक दारात उभे, हप्ते चालू, घरात पगार नाही. अशा एका गावातल्या पोसरकाराचा, म्हणजे किराणा दुकानदाराचा, तीन-चार वर्षांनी गावानं सत्कार ठरवला, कारण त्या दिवसांत त्यानं कुणाला रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं नव्हतं. मानपत्र मी लिहिलं. वेळ नव्हता म्हणून शेवटची दुरुस्ती फोनवरून सांगितली: ‘उदार अंतःकरणाचे’ असं घाला. आपल्याकडे बोलताना ‘ध’चा ‘द’ होतो, ‘उधार’ कानाला ‘उदार’च ऐकू येतो, हे अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला ठाऊक होतं. त्यानं आपली अक्कल चालवून माझा ‘उच्चार’ सुधारला. पत्र छापून, चौकटीत बसवून, थेट मंचावर. निवेदकानं खणखणीत आवाजात वाचलं, ‘उधार अंतःकरणाचे…’

मंडप हसून हसून लोळला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पोसरकार उठला, माइक ओढून घेतला आणि म्हणाला, ‘सारकें बरयलां. वही अजून उक्ती आसा.’ बरोबरच लिहिलंय, वही अजून उघडीच आहे. पुन्हा हशा, टाळ्या. नंतर मी नवीन प्रत करून देते म्हटलं तर ऐकेना. तीच चौकट दुकानात गल्ल्याच्या मागे लावली.

त्या रात्री घरी येताना माझ्या मनात एकच घोळत होतं. त्या माणसानं फुकट काहीच दिलं नव्हतं. तांदूळ, तेल, साखर, सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, पैशासकट. अध्यक्षांच्या व्याख्येनं तो दाता नव्हेच, व्यापारी. मग गाव त्याला उदार का म्हणत होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना मी मुद्दाम त्याच्या दुकानावरून गेले. एक बाई किलोभर डाळ घेत होती. त्यानं वही उघडली, तिचं पान काढलं, तिच्यासमोर आकडा लिहिला, तिला दाखवला. तिनं मान हलवली. तो काही बोलला नाही, तीही नाही. पिशवी उचलून ती ताठ मानेनं बाहेर पडली. वहीत नाव लिहिलं म्हणजे आपण भीक घेत नाही, घेतलेलं परत करणार आहोत, हे तिला त्या आकड्यातून मिळत होतं. कधी परत करणार, हे त्यानं विचारलं नव्हतं. डाळीपेक्षा ते न विचारणं मोठं.

तेव्हापासून कुठलाही शब्द वापरताना मी घेणाऱ्याकडे बघते.

(कंसातली गोष्ट: ‘उधार’ आला ‘उद्धार’वरून. संस्कृतात उद्धाराचा एक अर्थ कर्ज असाही आहे. आपण कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो तो तिसराच प्रकार. ‘उदार’ या कुळातला नाही. पण छापखान्यात तिघांची सरमिसळ होते, तेव्हा प्रूफ स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फोनवर विश्वास ठेवू नका.)

बाकीचे शब्द भराभर संपवते.

‘दानशूर’ला पुढे आकडा लागतो. फोंड्याकडच्या देवळांच्या अग्रशाळांत, म्हणजे भक्तांच्या उतरण्याच्या जागांत, खोल्यांवर संगमरवरी पाट्या असतात, ‘अमुक यांच्या स्मरणार्थ, रुपये इतके’. दानशूराचं घर ते. शब्द खोटा नाही, पण गोव्यात तो इतका वापरला गेलाय की पाचशे रुपये पावती फाडणाराही दानशूर झालाय. भाऊसाहेब बांदोडकरांचं उदाहरण इथे चांगलं आहे. खाणमालक असताना ते स्वतःच्या खिशातून देत, त्याला दानशूर म्हणणं रास्त. १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या त्या सरकारी पैशातून. तिथे दानशूर म्हणणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. पण कुळा-मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर कसणाऱ्या-राहणाऱ्याच्या, पोरानंही पाटीवर अक्षर गिरवावं ही दृष्टी उदार होती असं नि:संकोच म्हणता येतं. एकाच माणसाला दोन शब्द, दोन वेगळ्या कामांसाठी. तुमच्या बाई अशाच एखाद्या शाळेत शिकवत असणार.

‘दानत’ या शब्दानं फसू नका. दिसायला दानाचा भाऊ, पण मुळात अरबी ‘दियानत’, म्हणजे सचोटी. म्हणून आपण ‘दानत खोटी’ असं म्हणू शकतो; दान खोटं नसतं, नियत खोटी असते. पुढे दानाच्या शेजारामुळे ‘द्यायची दानत हवी’ असाही अर्थ रुळला. मानपत्रात नको, कारण हा शब्द बहुतेक वेळा नसण्याबद्दलच वापरतात.

‘दिलदार’ फारसी. तिकडे त्याचा अर्थ प्रियकर किंवा प्रेयसी. आपल्याकडे येईपर्यंत तो मित्र झाला: बिल भरणारा, हरल्यावर समोरच्याला मिठी मारणारा, शत्रूचंही चांगलं म्हणणारा. ‘दिलदार शत्रू’ म्हणता येतं, ‘दयाळू शत्रू’ कानाला खटकतं. भाच्याची आवड वाईट नाही. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना दिलदार म्हटलं तर माझ्या पिढीच्या कानाला मात्र जरा चौकात उभं राहून बोलल्यासारखं वाटेल. तुमच्या पिढीला नाही वाटणार कदाचित. हे आवडीचं झालं, नियमाचं नव्हे.

‘कनवाळू’. आईचं ऐका, पण मानपत्रात नको, भाषणात. कणव मनात दाटून येते. त्यापुढे हातानं काही केलं की नाही, ते या शब्दात नसतं. पाय सोलवटलेल्या पोराला मांडीवर घेणारी बाई कनवाळू. ती आठवण आईनं स्वतः उठून सांगावी. असा शब्द छापण्यापेक्षा कुणाच्या तरी आवाजात बरा लागतो.

लिहिण्याच्या बारीकसारीक गोष्टी. ‘औदार्य’ लिहा किंवा ‘उदारता’ लिहा, ‘औदार्यता’ नको. औदार्यात भाववाचक प्रत्यय आधीच आहे. त्यावर ‘ता’ म्हणजे छत्रीखाली रेनकोट. ‘सौजन्यता’, ‘धैर्यता’ हेही त्याच जातीचे, आणि मानपत्रांत हमखास सापडणारे. ‘अंतःकरण’मधला विसर्ग छापखाना खातो, तो बघा. ‘उदार’ लिंग-वचनानं बदलत नाही, त्यामुळे ती काळजी नाही. आणि ‘उदार आश्रय’ नको. जुन्या नाटकांच्या हस्तपत्रिकांत ‘रसिकांनी उदार आश्रय द्यावा’ असं छापायचे, त्याचा अर्थ ‘तिकीट काढा’ एवढाच होता.

आता तुमच्या वाक्याकडे परत येऊ, लक्षात ठेवा म्हटलं होतं ते. विशेषणं शोधता शोधता तुम्ही नकळत एक क्रियापद लिहून गेलात: ‘ठेवून घ्यायच्या’. आपण ठेवून घेतो कुणाला? माहेरवाशिणीला. चवथीला आलेल्या पाहुण्याला. ‘आता कुठे जातोस पावसात, रात्र इथंच काढ’ असं म्हणत ज्याची पिशवी काढून घेतो त्याला. ठेवून घेतलेला माणूस आश्रित नसतो, पाहुणा असतो. उलट त्यालाच थोडा आग्रह करावा लागतो. बाईंनी त्या पोरांना कुठे उभं केलं ते या एका क्रियापदात आलं. ते मानपत्रात जसंच्या तसं घ्या, ‘आसरा’, ‘आश्रय’, ‘छत्रछाया’ असं काही त्याचं करू नका. ते वाक्य आधी येऊ दे, ‘उदार’ मागून येऊ दे. मग अध्यक्षांना पैशाचा प्रश्न पडणार नाही, कारण बाईंनी काय दिलं ते वाचून झालेलं असेल.

मी असं काही लिहिलं असतं:

‘ओढ्याला पाणी चढलं की पलीकडच्या वाड्यावरच्या मुलांना बाई घरी ठेवून घेत. त्यांच्या मुलांच्या ताटांशेजारी या मुलांची ताटं मांडली जात. सकाळी सगळ्यांना उकड्या तांदळाची पेज, आणि दहाच्या ठोक्याला सगळी मिळून शाळेत. हा आपला, तो परका अशी मोजणी ज्या घरात कधी झाली नाही, त्या घरच्या उदार मनाच्या बाईंचा हा सत्कार.’

ताटं, पेज आणि दहाचा ठोका मी माझ्या मनानं घातलेत. खरं काय होतं ते तुम्ही विचारून घ्या. त्या वाड्यावरच्या दोघा-तिघांना गाठा आणि ‘बाई कशा होत्या?’ असं विचारू नका. ‘फार चांगल्या होत्या’ असंच उत्तर येईल. ‘बाईंच्या घरी सकाळी काय खायला मिळायचं? झोपायला कुठे? पाणी उतरलं हे कोण बघून यायचं?’ असं विचारा. पेज निघाली तर पेज लिहा, चहात बुडवलेला पाव निघाला तर पाव लिहा. कुणी सांगितलं की रात्री बाई पाढे म्हणून घ्यायच्या आणि आम्हाला ते मुळीच आवडायचं नाही, तर तेही घ्या.

शक्य असेल तर मानपत्र त्यांच्यापैकीच कुणाला तरी वाचायला द्या. आदल्या दिवशी एकदा घरी वाचून घ्या त्याच्याकडून. वाचताना तो एखाद्या शब्दापाशी अडखळला किंवा त्याचा आवाज बारीक झाला, तर का ते विचारत बसू नका, शब्द बदला.